पाण्यावरचे गाव



चीन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एक तर ती लांबलचक भिंत उभी राहते, नाही तर कारखान्यांची धुरांडी. आज आम्ही आपल्याला या दोहोंपासून दूर, सूचौ शहराजवळच्या थोंगली या लहानशा गावी नेणार आहोत. शांघायच्या पश्चिमेस थायहू नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे. त्याच्या पूर्वेकडील सखल मुलखात जमीन कोठे संपते आणि पाणी कोठे सुरू होते, हे नवख्याला सांगता यायचे नाही. थोंगलीत रस्त्याच्या जागी कालवा आणि चौकाच्या जागी पूल. दगडी पूल चाळीसहून अधिक. कालव्याकाठच्या घरांतून पायऱ्या थेट पाण्यात उतरतात.

सकाळी गावात शिरताच आम्हीही सगळ्या प्रवाशांसारखे म्हणालो, "काय ही शांतता!" पुढे थोडे वाचन केल्यावर आमची आम्हालाच लाज वाटली. कारण ही गावे शांततेसाठी वसलीच नव्हती. ती गजबजलेल्या बाजारपेठा होत्या. फेई श्याओ-थुंग या प्रसिद्ध समाजशास्त्रज्ञाने १९३६ साली याच वूच्यांग परगण्यातील एका खेड्याचा अभ्यास केला आणि १९३९ मध्ये त्यावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. त्यात व्यापारी नावांचे मोठे मनोवेधक वर्णन आहे. खेड्यातून सकाळी नाव निघे. कालव्याकाठच्या बायका नावाड्याला हाक मारून सांगत, तेल आण, मीठ आण, आणि रिकामी बाटली व पैसे त्याच्या हाती देत. दुपारी नाव परते व ज्याचा माल त्याला पोचे. या कामाची दमडीही नावाडी गिऱ्हाइकाकडून घेत नसे! त्याची कमाई निराळी. गावाचे रेशीम आणि तांदूळ पेठेत विकायचा तो त्याच्याच मार्फत, आणि पेठेतले दुकानदारही त्याला धरून असत. अशा कित्येक खेड्यांच्या नावा जिथे लागत, ती पेठ. तेव्हा तिथे शांतता कसली?

पुढे सडका झाल्या, माल मोटारीत चढला, आणि कालवे रिकामे पडले. आज आपण जिचे कौतुक करतो ती शांतता म्हणजे बाजार उठल्यानंतरची शांतता आहे. जुनी घरे टिकली त्याचे एक कारण हेही, की पाडून नवी बांधण्याइतका पैसा बराच काळ गावात आला नाही. १९८० नंतर तो येऊ लागला, तेव्हा आसपासची कित्येक गावे होत्याची नव्हती झाली. शांघायच्या थुंगजी विद्यापीठातील प्राध्यापक र्‍वान यी-सान यांनी शेजारच्या चौच्वांगसाठी आणि थोंगलीसाठी संरक्षणाचे आराखडे केले. त्यांचे सूत्र सरळ होते: जुन्या गावाला हात लावू नका, नवे गाव बाजूला वसवा.

थोंगलीचे भूषण म्हणजे थ्वेई-स्स उद्यान. 'मागे सरून चिंतन करणे' असा त्या नावाचा भाव. रन लान्-शंग या अधिकाऱ्यावर ठपका येऊन १८८५ साली त्यांची नोकरी गेली; गावी परतून त्यांनी ही बाग बांधली. जागा दीड-पावणेदोन एकरांची, पण मधल्या तळ्याला सगळ्या इमारती इतक्या लगटून बांधल्या आहेत की त्या पाण्यावर तरंगताहेत असे वाटते. २००० साली बाग जागतिक वारशाच्या यादीत गेली. गंमत अशी, की चिंतन करायला मालकांना सवड फारशी मिळालीच नाही. १८८७ मध्ये पीतनदीला महापूर आला, त्यांना पुन्हा कामावर बोलावणे आले, आणि १८८८ मध्ये कामावर असतानाच ते वारले. निवृत्तीचे बेत करणाऱ्या श्रोत्यांनी ही बाग अवश्य पाहावी.

दहा वाजले आणि पर्यटकांचे तांडे आले. २०१७ पासून सूचौची मेट्रो थोंगलीपर्यंत येते. त्याच गाडीने आम्हीही आलो होतो, तेव्हा तक्रार कोणत्या तोंडाने करावी? गर्दीपेक्षाही एक गोष्ट आमच्या मनाला अधिक लागते. वूचेन नावाच्या अशाच एका गावाचा पश्चिम भाग २००७ साली प्रवाशांना खुला झाला, तो बहुतेक रहिवाशांना बाहेर हलवून. घरे देखणी राखली आहेत, दिवे सुंदर लागतात. पण सकाळी पायरीवर भाजी धुणारे माणूस तिथे शोधावे लागते. थोंगलीत माणसे अजून घरातच आहेत. भिंतीचा पोपडा उडालेला, दारावर कपडे वाळत घातलेले. आम्हाला तेच बरे वाटले.

सप्टेंबरचे दिवस होते. एका उंबऱ्यावर एक म्हातारी बोटांना धातूची नखी लावून बिया सोलत बसली होती. निरखून पाहिले, तर आपला मखाणा! आपण लाह्या करून उपासाला खातो, ते लोक ताजा ओला दाणा साखरेच्या पाण्यात शिजवून खातात. कवच कठीण, एकेक दाणा हाताने सोडवायचा. आमच्याबरोबरच्या दुभाष्यामार्फत आम्ही मोठ्या गांभीर्याने विचारले, "आजीबाई, एवढे लोक रोज दारात उभे राहून पाहतात, त्याचा त्रास नाही होत?"

तिने मान वर केली, आमच्याकडे एकवार पाहिले आणि विचारले, "एक पुडी देऊ, की दोन?"

आम्ही दोन घेतल्या.