राजाज्ञा आणि रयतेची भाषा
(व्याख्यानाचा मजकूर)



नेतृत्व, धोरण आणि लोकसंवाद हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. नेतृत्वाची चर्चा निवडणूक जवळ आली की होते. धोरण ही सरकारची बाब समजली जाते. घेतलेला निर्णय लोकांना कोणत्या शब्दांत सांगावा, हे काम तर बहुधा कारकुनावर सोपविले जाते. वस्तुतः ही तिन्ही कामे एकमेकांपासून तोडता येत नाहीत. निर्णय कितीही शहाणपणाचा असला, तरी ज्यांच्यासाठी तो घेतला त्यांना तो उमगला नाही, तर तो दप्तरातच राहतो. या विधानाची प्रचीती मराठी माणसाच्या इतिहासात पाहावयाची झाल्यास बडोद्याकडे वळावे लागते.

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात १८६३ साली जन्मलेला एक मुलगा १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतला आणि तो बडोद्याच्या गादीवर आला. त्या वेळी त्याचे वय बारा वर्षांचे होते आणि त्याला अक्षरओळखही नव्हती. शेतकरी घरातील हा मुलगा मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या भाषा शिकला व १८८१ च्या डिसेंबरात, अठराव्या वर्षी, त्याने राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली. हेच महाराज सयाजीराव गायकवाड. राजघराणे मराठी, प्रजा बहुसंख्येने गुजराती आणि वरिष्ठ सत्तेची भाषा इंग्रजी, अशा तिहेरी पेचात त्यांचा कारभार चालणार होता. आज्ञा देणे त्यांना सोपे होते. ती आज्ञा खेड्यातल्या पाटलापर्यंत आणि पाटलाकडून कुणब्याच्या उंबऱ्यापर्यंत अर्थासह पोहोचविणे मात्र कठीण होते.

सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे उदाहरण घ्यावे. हा विचार महाराजांच्या मनात दृढ असूनही त्यांनी तो एकाच फर्मानाने साऱ्या संस्थानावर लादला नाही. १८९३ साली अमरेली भागातील निवडक गावांत प्रयोग सुरू झाला. शिक्षक किती लागतात, पालक कोणत्या महिन्यांत मुलांना शेतावर नेतात, खर्च कोठून भागवावा, याचा अनुभव घेण्यात तेरा वर्षे गेली. मग १९०६ साली संस्थानभर कायदा झाला. मुलांसाठी सात ते बारा आणि मुलींसाठी सात ते दहा अशी वयोमर्यादा त्यात होती. स्वतः एकहाती सत्ता असलेला राजा आपल्याच कल्पनेची परीक्षा घेण्यासाठी तेरा वर्षे थांबतो, ही नेतृत्वाची पहिली खूण म्हटली पाहिजे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचा दाखला त्यांच्या हाताशी होता. ते विधेयक १९१२ साली तेरा विरुद्ध अडतीस मतांनी फेटाळले गेले. ब्रिटिश हिंदुस्थानात जे बहुमताला पटले नाही, ते एका देशी संस्थानात आधीच चालू होते.

शाळा निघाल्या, तरी शिकलेला माणूस वाचनावाचून पुन्हा निरक्षर होतो, हे ध्यानी येताच ग्रंथालयांची योजना आली. १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डेन या तज्ज्ञास पाचारण करण्यात आले. शहरात मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले आणि पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. या योजनेतील व्यवहार लक्षात ठेवण्याजोगा आहे. गावाने वर्गणी जमवावी, तितकीच रक्कम स्थानिक मंडळाने द्यावी आणि तितकीच सरकारने घालावी, असे तत्त्व होते. ज्या वास्तूत स्वतःचा पैसा आहे, ती वास्तू माणूस जपतो. फुकट मिळालेल्या वस्तूविषयी ती आस्था सहसा उत्पन्न होत नाही.

धर्मकारभारही या दृष्टीतून सुटला नाही. १९१५ च्या हिंदु पुरोहित कायद्याने पौरोहित्य करणाऱ्याच्या ज्ञानाची परीक्षा घेण्याची पद्धत घातली. वंशपरंपरेने आलेला अधिकार विद्येने सिद्ध करावा, हा त्यामागील विचार त्या काळी अनेकांना झोंबला. परंतु अधिकार आणि पात्रता यांचा संबंध काय, हा प्रश्न त्या कायद्याने उघडपणे मांडला, हे नाकारता येत नाही.

सर्वांत बोलका दाखला आहे तो १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘श्रीसयाजी-शासन-शब्द-कल्पतरु’ या कोशाचा. राज्यकारभारात लागणाऱ्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली या भाषांतील प्रतिशब्द त्यात शेजारी शेजारी मांडलेले आहेत. एकाच शब्दाचा अर्थ एका कचेरीत एक आणि दुसऱ्या कचेरीत दुसरा असा घोटाळा झाला, की त्याचा भुर्दंड अखेर अर्जदार रयतेला बसतो. शब्द निश्चित करणे हे न्यायाचेच अंग आहे, ही जाण त्या कोशामागे दिसते.

याचा अर्थ बडोद्यात सारे निर्दोष होते, असा नव्हे. शाळेत मूल न पाठविणाऱ्या पालकास दंड होई आणि तो दंड गरिबाच्याच पदरात जड पडे. लोकांच्या मताने बदलता येईल अशी ती सत्ता नव्हती. राजा जाणता निघाला हे प्रजेचे भाग्य होते, तो प्रजेचा हक्क नव्हता. म्हणूनच जेथे लोक स्वतः आपला कारभारी निवडतात, तेथे जबाबदारी अधिक वाढते. तेथे भाग्याची सबब सांगता येत नाही.

देवस्थान ही अशीच संस्था आहे. गोमंतकात १९३३ साली पोर्तुगीज राजवटीने देवस्थानांसाठी जी नियमावली लागू केली, तिच्याच चौकटीत मुख्यतः आजही महाजनांचा कारभार चालतो. महाजनांची नामावली, समितीची निवड, अध्यक्ष, मुखत्यार, खजिनदार यांची कामे आणि प्रशासक म्हणून मामलेदाराचा अधिकार हे सर्व तिने घालून दिले. परंतु ती लिहिली गेली पोर्तुगीज भाषेत. ज्याचे त्या भाषेचे शिक्षण झाले नव्हते, त्या महाजनाला स्वतःच्याच कुलदेवतेच्या देवळाचा कायदा दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागे. १९६१ साली गोवा मुक्त झाला, शाळांची भाषा बदलली, पोर्तुगीज जाणणारी पिढी विरळ होत गेली आणि ही अडचण कमी होण्याऐवजी वाढली. नियम ज्याला वाचता येतो तोच नियमाचा धनी होतो. मग सभेत प्रश्न विचारणारा महाजन भांडखोर ठरतो, न विचारणारा घरी बसतो आणि जो वाद सभामंडपात अर्ध्या तासात मिटला असता तो वर्षानुवर्षे न्यायालयात पडून राहतो.

यावर उपाय खर्चाचा नाही. ज्या नियमांनी देवस्थान चालते त्यांचा सुबोध सारांश कोकणी आणि मराठीत सभामंडपात लावता येतो. आमसभेच्या सूचनेत ‘इतर विषय’ एवढेच न लिहिता कोणता निर्णय घ्यावयाचा आहे, त्याला खर्च किती आणि तो कोणत्या निधीतून, हे लिहिता येते. जीर्णोद्धारासाठी जुने लाकूडकाम उतरविण्यापूर्वी आराखडा आणि अंदाजपत्रक महाजनांपुढे ठेवता येते. जत्रेतील दुकानांच्या पावणीचा नवा नियम करावयाचा असल्यास अमरेलीप्रमाणे तो आधी एका उत्सवापुरता करून पाहता येतो. वर्षाचा जमाखर्च एका पानावर, कोणालाही समजेल असा मांडता येतो. विरोधी मताचे पत्र आले तर त्याला लेखी आणि सभ्य उत्तर देता येते. मुंबईला वा परदेशी असलेल्या महाजनापर्यंत हे सारे आज भ्रमणध्वनीवरून क्षणात पोहोचते. साधन बदलले आहे, परंतु कर्तव्य जुनेच आहे. निरोप त्वरित पोहोचला म्हणून तो स्पष्ट होत नाही.

पदाधिकाऱ्यांपैकी पुष्कळ जण म्हणतात की तरुण पिढी देवळाकडे फिरकत नाही, पालखीला खांदा द्यायला माणसे शोधावी लागतात. या तक्रारीत तथ्य आहे. पण ज्या तरुणाला नामावलीत आपले नाव आहे की नाही हे ठाऊक नाही, ज्याने देवळाची कीर्द कधी पाहिली नाही आणि ज्याचे मत कधी विचारले गेले नाही, त्याने पाहुण्यासारखे यावे आणि प्रसाद घेऊन जावे, यात नवल ते कोणते? आपलेपणा उपदेशाने येत नाही. कारभारात वाटा मिळाला आणि त्या कारभाराची भाषा कळली, की तो आपोआप येतो.

सयाजीराव १९३९ साली निवर्तले आणि पुढे संस्थानही विलीन झाले. सत्ता गेली, शाळा व ग्रंथालये राहिली. देवस्थानांच्या समित्याही ठराविक मुदतीने बदलतात. नावे फलकावरून पुसट होतात. मागे उरते ती घालून दिलेली शिस्त आणि लोकांच्या मनातील विश्वास. या स्मरणिकेच्या निमित्ताने प्रत्येक समितीने आपल्या नियमांचा तेवढा एक कागद लोकांच्या भाषेत लिहून सभामंडपात लावला, तरी या उत्सवाचे सार्थक होईल. ती सद्‌बुद्धी आणि ते धैर्य सर्वांना लाभो, हीच श्रींच्या चरणी प्रार्थना.