अंधाराचा शेजार



तारे पाहायचे तर वाळवंटच गाठलं पाहिजे, असं पुष्कळांना वाटतं. डहाणू-तलासरीकरांना इतकं लांब जायला नको. जागा मात्र नीट हेरली पाहिजे. वापीच्या दिव्यांनी तलासरीचं उत्तरेकडचं आकाश फिकट होतं, बोईसर-तारापूरच्या दिव्यांनी डहाणूचं दक्षिणेकडचं. म्हणून मावळते तारे पाहायला बोर्डीचा किनारा बरा; समोर होड्यांचे दिवे सोडले तर काळोखच. दक्षिणेकडे पाहायचं असेल तर महालक्ष्मीच्या डोंगरापलीकडे, कासा-सायवनच्या बाजूला, भात कापलेल्या शेतात उभे राहा. रात्र अवसेच्या आसपासची असावी. वीसेक मिनिटं दिव्याकडे पाहू नका, मग डोळे सरावतात. माघात रात्री नऊच्या सुमारास व्याधाच्या खाली अगस्ती दिसेल, क्षितिजापासून सुमारे १७ अंशांवर. हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे १० अंश.

गुरुजनहो, मुलांना एकदा तरी न्या. पेंच व्याघ्रप्रकल्पाला २०२४ साली अंधाऱ्या आकाशाचं उद्यान म्हणून मान्यता मिळाली. आपल्याला सध्या एवढंच करता येईल: शाळेच्या अंगणातला दिवा खाली वळवावा, आणि काम संपलं की मालवावा. अंधार एकदा गेला की नवा मागवता येत नाही.