कंपनी गेल्यावर हेडसेटचं काय?

वसंत व्याख्यानमालेतल्या एका व्याख्यानाचा जाहीर झालेला विषय होता ‘व्हीआर की एमआर : हेडसेट कसा निवडावा?’ समोर अभियांत्रिकीचे विद्यार्थी होते, प्रयोगशाळेसाठी खरेदी करायला निघालेले शिक्षक होते, नातवंडांचा हट्ट पुरवू पाहणारे आजी-आजोबाही होते. व्याख्यात्या संगणकशास्त्राच्या प्राध्यापिका. सुरुवातीलाच त्यांनी विषयाला आपलं वळण दिलं. हेडसेटची पारख भिंगांवरून किंवा चिपवरून करू नका. बनवणारी कंपनी उद्या हात झटकून निघून गेली तर आपल्याकडे काय उरेल, ते आधी विचारा.

व्हीआर, म्हणजे आभासी वास्तव, समोरचं जग झाकतं; एमआर, म्हणजे मिश्र वास्तव, त्याच जगात भर घालतं. आयव्हन सदरलंड यांचं 1968चं डोक्यावर घालायचं यंत्र, खरं आणि आभासी जग एकाच पट्टीवर ठेवणारी मिल्ग्रॅम आणि किशिनो यांची 1994ची मांडणी हे सारं आपल्याला ठाऊकच आहे, असं म्हणून त्या पुढे सरकल्या. आता या दोहोंमधली भिंतही पातळ झाली आहे. मेटाचा क्वेस्ट 3 किंवा अ‍ॅपलचा व्हिजन प्रो बाहेरच्या कॅमेऱ्यांनी खोली टिपतो आणि आतल्या पडद्यांवर दाखवतो. खोलीचं चित्र झाकलं की तोच हेडसेट व्हीआरचा.

मग हात झटकणाऱ्या कंपनीचं उदाहरण म्हणून त्या मायक्रोसॉफ्टकडे आल्या. 2017 पासून एसर, डेल, लेनोवो, एचपी, सॅमसंग यांनी विंडोज मिक्स्ड रिअ‍ॅलिटीवर चालणारे हेडसेट काढले. एचपीचा रिव्हर्ब जी2 2020 मध्ये सुमारे 600 डॉलरना आला आणि विमानाच्या सिम्युलेटरवर रमणाऱ्यांनी त्याच्या रेखीव चित्रासाठी तो अक्षरशः डोक्यावर घेतला. डिसेंबर 2023 मध्ये मायक्रोसॉफ्टने या प्लॅटफॉर्मला पूर्णविराम जाहीर केला. 2024च्या विंडोज 11 24एच2 मधून तो काढूनच टाकला. भिंगं शाबूत, पडदे शाबूत. पण संगणकावर नवी आवृत्ती चढवली की मायक्रोसॉफ्टचा आधार संपला. 2018 मध्ये 2,295 डॉलरना आलेल्या मॅजिक लीप 1ची गत आणखी वाईट. 31 डिसेंबर 2024 नंतर कंपनीची क्लाउड सेवा थांबली आणि तिच्याबरोबर यंत्राचं मुख्य कामही.

“मग पुठ्ठ्याचा गूगलच बरा!” मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. सभागृह हसलं. बाईही हसल्या आणि त्यांनी ते वाक्य तिथेच उचललं. गूगलने कार्डबोर्ड या फोन बसवायच्या पुठ्ठ्याच्या हेडसेटची विक्री 2021 मध्ये थांबवली खरी, पण त्याचं सॉफ्टवेअर 2019 मध्येच सर्वांसाठी खुलं केलं होतं.

फेसबुकच्या, म्हणजे आताच्या मेटाच्या, ऑक्युलस गोचा किस्सा मात्र त्यांना आवरता आला नाही. 2018चा, 199 डॉलरचा हा हेडसेट संगणकाशिवाय चालायचा. त्याला फक्त मान वळल्याचं कळायचं, पाऊल पुढे टाकल्याचं नाही. 2020 मध्ये विक्री बंद झाली. कंपनीचे सल्लागार जॉन कारमॅक मात्र तो खुला करावा म्हणून आतून धोशा लावून बसले होते. अखेर 2021 मध्ये शेवटची, कुलूप काढलेली प्रणाली सर्वांना मिळाली. वीस वर्षांनी कुणाला एखादा सीलबंद गो सापडला आणि तोवर कंपनीचे सर्व्हर बंद झालेले असले, तरी तो शेवटच्या आवृत्तीपर्यंत नेता यावा, ही कारमॅक यांची भूमिका होती. हे सांगताना बाईंचा आवाज चढला. विकलेल्या वस्तूची किल्ली ग्राहकाला देणं हे उपकार नव्हे, कर्तव्य आहे, असं त्या म्हणाल्या आणि टाळ्या पडल्या.

एका श्रोत्याला ते पटलं नाही. व्हिजन प्रोसारखं उत्तम यंत्र केवळ या भीतीपोटी टाळायचं का, असा त्याचा सवाल होता. बाईंनी थोड्या आवेशानेच उत्तर दिलं. चित्राच्या दर्जाबद्दल त्यांची तक्रार नव्हती. 3,499 डॉलर आणि 600 ग्रॅमहून अधिक वजनाबद्दलही त्या भांडल्या नाहीत. त्यांचा मुद्दा ओपनएक्सआरचा होता. ख्रोनोस या संस्थेने 2019 मध्ये आणलेल्या या मानकावर लिहिलेलं काम एका हेडसेटवरून दुसऱ्यावर फारशा मोडतोडीविना जातं. अ‍ॅपलने ते स्वीकारलेलं नाही. मेटाने स्वीकारलं आहे, पण मेटाच्या खात्याशिवाय क्वेस्ट सुरू होत नाही, हेही त्यांनी लपवलं नाही.

एवढ्यात अध्यक्षांची चिठ्ठी आली. भिंगांतलं अंतर, मळमळ, चष्मेवाल्यांची अडचण, सगळं पाच मिनिटांत उरकावं लागलं. क्वेस्ट 3 मध्ये भिंगांतलं अंतर चक्राने हवं तेवढं जुळवता येतं. स्वस्त क्वेस्ट 3एस मध्ये 58, 63 आणि 68 मिलिमीटर असे तीनच टप्पे. ज्यांच्या डोळ्यांतलं अंतर या टप्प्यांपासून दूर पडतं, त्यांनी आधी डोळ्यांना लावून बघावं. हा भाग खरं तर अधिक वेळाचा हक्कदार होता.

शेवटचा शब्द त्यांनी शिक्षकांसाठी राखला होता. प्रयोगशाळेचा मोठा पैसा हेडसेटवर नको, धड्यांवर घाला, आणि ते धडे ओपनएक्सआरवर किंवा ब्राउझरच्या वेबएक्सआरवर बांधून घ्या. हेडसेट 299 डॉलरना आलेल्या 3एससारखा साधा चालेल. निविदेत मात्र दोन प्रश्न लेखी विचारा : इंटरनेट आणि खातं नसताना हे यंत्र किती काम करतं, आणि कंपनीने पाठबळ काढून घेतलं तर ते खुलं करून मिळेल का? विक्रेत्याने लेखी उत्तर दिल्याखेरीज खरेदीच्या कागदावर सही करू नका.