ठिणगीवाचून पेटणारे इंजिन

मंडळी, आज आपण विहिरीवरच्या डिझेल इंजिनाविषयी बोलू. मोटारसायकलीला प्लग लागतो. प्लगची ठिणगी पडली की पेट्रोल पेटते. डिझेल इंजिनाला मात्र प्लगच नाही! मग आत विस्तव येतो कुठून?

सायकलच्या चाकात भराभर हवा भरा आणि पंपाचे खालचे टोक चाचपून पाहा. गरम लागेल. हवा दाबली की तापते, बरं का! डिझेल इंजिनातला दट्ट्या हवा दाबून दाबून तिच्या सोळाव्या-अठराव्या हिश्शाएवढ्या जागेत कोंबतो. ती ५०० अंशांच्याही वर तापते. पाणी १०० अंशांना उकळते, यावरून अंदाज करा. अशा हवेत नोझलमधून तेलाचा बारीक फवारा उडाला, की भडकलाच. काडी नको, ठिणगी नको.

ही युक्ती रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरची. तेलाला नाव पडले तेही त्याचेच. १८९७ साली जर्मनीत ऑग्सबर्ग येथे त्याच्या इंजिनाची परीक्षा झाली. जळणातल्या शक्तीचे १०० भाग धरले, तर सुमारे २६ भाग कामी आले. त्या वेळची बहुतेक वाफेची इंजिने याच्या निम्मेही देत नसत.

हे जमले कशाने? हवा जितकी जास्त दाबावी, तितका पेटलेला वायू पुढे जास्त फुगतो आणि दट्ट्याला जास्त रेटतो. मग पेट्रोललाही तसेच का दाबत नाहीत? ते आधीच हवेत मिसळलेले असते. फार दाबले तर वेळेआधीच भडकते आणि इंजिन ठोके देऊ लागते. जपानच्या माझदा कंपनीने २०१९ साली यावर तोड काढलेली मोटार आणली. तिच्यात ठिणगीने थोडे पेट्रोल पेटते, आणि त्या भडक्याच्या दाबाने बाकीचे आपोआप पेटते. पण ते काम फार नाजूक.

आपल्याला आपल्या इंजिनाचे पाहायचे. दाब गेला की बचत गेली. तेल बंद करून हँडल सावकाश फिरवा. मध्ये एकदा जोराचा अटकाव लागलाच पाहिजे. नाही लागला, तर रिंगा झिजल्या असतील, नाहीतर व्हॉल्व्ह गळत असेल. मिस्तरीला दाखवा. तेलाच्या नळीला चुंबक बांधा, तेल निम्मे लागेल, असे सांगत कोणी दारी आला, तर त्याला एवढेच विचारा, "बाबा, याने दाब वाढतो का?"

धूर काळा येतो, म्हणजे तेल पुरते जळत नाही. पैसे धुराड्यातून चालले! आधी हवेचा फिल्टर साफ करा, मग नोझल तपासून घ्या.

फवारा पाहायला नोझलपुढे हात मात्र धरू नका. ती धार कातडी फोडून आत शिरते. वर टाचणीएवढी खूण दिसते, पण आत तेल पसरते आणि बोट कापायची पाळी येते. तसे झालेच, तर दुखत नसले तरी त्याच घडीला दवाखाना गाठा, आणि डिझेल आत शिरले आहे हे डॉक्टरांना आधी सांगा.