तिकिटावरचे वरचे पैसे



पोस्टातले बंधूही आज सभेला आलेत, म्हणून सर्वांच्याच खिशाचा विषय घेतो. खिडकीवर स्लीपरचे तिकीट काढले तर सोयीचे वेगळे शुल्क नाही. तेच आयआरसीटीसीवर काढले की १५ रुपये, वातानुकूलितला ३०, वर जीएसटी. यूपीआयने भरले तर १० आणि २०. नोटाबंदीनंतर नोव्हेंबर २०१६ मध्ये हे शुल्क बंद झाले होते. १ सप्टेंबर २०१९ पासून पुन्हा लावले.

म्हणतात, यंत्रणा चालवायला खर्च येतो. येतो, मान्य. पण यूपीआयवर दुकानदाराकडून बँकेने घ्यायचे शुल्क १ जानेवारी २०२० पासून शून्य आहे. मग हे १० रुपये कशाचे? ऑक्टोबर २०२१ मध्ये रेल्वे मंत्रालयाने यातला अर्धा वाटा मागितला, दुसऱ्याच दिवशी मागणी मागे घेतली! नुसता खर्च भरून निघत असता तर वाटा कशातून मागितला? तिकीट रद्द केले तरी हे पैसे परत नाहीत.

नाव, वय, गाडी नंबर प्रवासी स्वतःच भरतो. आरक्षण क्लार्कचे काम तो करतो, आणि वर पैसेही तोच देतो. खिडकीवरच्या क्लार्कचा पगार आपण कधी तिकिटावर वेगळा लावला नाही. हा खर्चही रेल्वेनेच भाड्यात सोसावा, असा ठराव मी मांडतो. अनुमोदन कोण देतो, बोला.