पाटा की मिक्सर?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली गृहिणी. स्वयंपाकघरातले मला ठाऊक, तेवढेच बोलते.

पाट्यावरच्या चटणीची गोडी मिक्सरला नाही, असे घरोघरी ऐकू येते. असे म्हणणारे बहुधा जेवणारे असतात, वाटणारे नव्हेत! पण फरक पडतो, हे खरे. वरवंट्याखाली शेंगदाणे चेचले जातात आणि सुटलेल्या तेलात लसूण-तिखट मुरते. मिक्सरचे पाते नुसते कापते, आणि सलग फिरवले तर भांडे तापून दाण्यांचा लगदा होतो. यासाठी भाजलेले दाणे पुरते गार होऊ द्यावेत, लसूण-तिखट-मीठ आधी फिरवावे, दाणे मागाहून घालून थांबत थांबत फिरवावे.

परदेशी मिक्सरच्या मोटारी आपल्या वाटणापुढे टिकत नसत. म्हणून 1960 च्या दशकात मुंबईच्या सत्यप्रकाश माथुर यांनी ‘सुमीत’ मिक्सर तयार केला. तरी आपल्या वसमतची हळकुंडे त्यात घालू नका. ती गिरणीतच दळावीत.

भाकरीला मात्र हातच हवा. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो. कढत पाणी घालून तळहाताने रगडले नाही, तर थापताना भाकरी चिरते.

गुडघे धरलेल्या बाईने पाट्यापाशीच बसावे, हा हट्ट कशाला? सुनेने मिक्सर लावला की तिला आळशी म्हणतात, ते मला मुळीच पटत नाही.

आज फराळाला चटणीच्या दोन वाट्या ठेवल्या आहेत. एक पाट्यावरची, एक मिक्सरमधली. कोणती कुठली, ते तुम्हीच सांगा.