फुलां रगड, तवसां खय?



देवबागमध्ये आपलं स्वागत. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मधल्या चिंचोळ्या पुळणीवर आमचे माड. काकडीच्या परिषदेला ही जागा कशाला, असं काहींनी विचारलंही. परसातले मांडव बघा. पावसात तवशाचा, म्हणजे आमच्या काकडीचा, वेल वर चढतो आणि श्रावणात घराघरातून ओरड येते, "फुलां रगड इली, पण तवसां खय?"

आधी येतात ती नर फुलं. बुडाशी इवलं फळ घेऊन येणारं मादी फूल मागाहून येतं. हे आमच्या आज्यांनाही ठाऊक होतं. कारण तुम्ही शास्त्रज्ञांनी शोधलंत. कोवळ्या कळीत नर आणि मादी दोन्ही अवयवांची सुरुवात झालेली असते, पुढे एकाची वाढ थांबते. यात मोठा वाटा इथिलीनचा, आंबा पिकवणाऱ्या त्याच वायूचा. काही वेलांत इथिलीन घडवणाऱ्या जनुकाची जादा प्रत असते. तिलाच तुम्ही 'एफ' म्हणता. ती असली की जवळजवळ सगळी फुलं मादीच. 'एम' जनुक बिघडला, तर मादीच्या जागी द्विलिंगी फुलं येतात.

1960च्या सुमारास मिशिगनमध्ये 'शोगोइन' या कोरियन वाणातून मादी फुलंच देणारा मादी वाण काढला गेला. आपल्याकडच्या 'पुसा संयोग' या काकडीची आईही जपानी मादी वाणच. काम मोठं आहे, मला त्याचा आदर आहे. पण मांडवाखाली उभा राहून बोलतो. थंड मुलखातला मादी वाण आपल्या उष्ण हवेत अनेकदा नर फुलं काढू लागतो. उलट तो गुणाला पक्का राहिला, तर शेजारी नर फुलांचा वेल हवा, नाहीतर परागण कुठून? आणि मादी वाणाचं बी टिकवायचं, तर सिल्व्हर नायट्रेट फवारून मुद्दाम नर फुलं आणावी लागतात. पाच वेल लावून घरचंच बी राखणाऱ्या बाईने ते कुठून आणावं?

दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकणाला 'शीतल' काकडी दिली. आता परसातल्या तवशावरही काम करा. कुठल्या वेलावर मादी फूल लवकर येतं, भर पावसातही टिकतं, ते निवडा. त्यासाठी आमचे मांडव खुले आहेत, फक्त कुंपणाचं दार लावून घ्या, गुरं शिरतात.

दुपारी जेवणात तवशाचं धोंडस आहे. उद्घाटकांनी आता दीपप्रज्वलन करावं, ही विनंती.